लेखीआबांचा उंदीर

आमच्या आबांना कुणी काय पण सांगितलं की ते हात पुढं करायचे आणि म्हणायचे, "लेखी दे."

आबा म्हणजे माझे सासरे. रोह्याकडच्या खांब गावाच्या आतल्या अंगाला आमचं गाव, तिथं लहानथोर सगळे त्यांना लेखीआबा म्हणायचे, तोंडावर म्हणायचे, आणि त्यांना राग यायचा नाय. उलट म्हणायचे, "नाव ठेवलंस ते बरं केलंस, आता तेवढं लिहून दे." माझं लग्न ठरलं तेव्हा माझा दादा पेणहून होकार सांगायला आला होता, तर आबांनी त्याला पोहे दिले, चहा दिला, आणि पोह्याच्या बशीला लागून एक कोरा कागद ठेवला. दादानं बिचाऱ्यानं लिहिलं, 'मुलगी देण्यास आमची हरकत नाही.' तो कागद अजून पेटीत हाय. मी भांडले की आमचे हे तो काढून दाखवतात.

आबांकडं एक बंदूक होती, एकनळी, शेती राखायच्या परवान्याची. परवाना प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या डबीत, डबी कोपरीच्या आतल्या खिशात. बंदूक आपली पडवीत खुंटीला, काडतुसं कुलपात. मी एकदा विचारलं, आबा, बंदुकीपेक्षा कागदाला जास्त जपता ते का, तर म्हणाले, "सूनबाय, बंदूक हरवली तर परवाना दाखवून दुसरी मागता येते. परवाना हरवला तर बंदूक दाखवून काय मिळंल? बेडी." आणि त्या बंदुकीनं त्यांनी उभ्या जन्मात काय मारलं नाय. परसामागं आमचा वालाचा तुकडा, भात काढलं की तिथं वाल, आणि वालाला शेंग धरली की वांदरांची टोळी येणार म्हणजे येणारच. आबा बांधावर उभं राहून हवेत एक बार टाकायचे, वांदरं पळायची, झालं. "मारायचं लिहिलेलं नाय," म्हणायचे, "राखायचं लिहिलंय."

आता मी कशी ते पण सांगते, नायतर पुढचं कळायचं नाय. मी घाबरट. कुकरची शिट्टी झाली की माझ्या हातातलं पडतं, पाल बघितली की मी त्या खोलीत दोन दिवस जात नाय. आठवीत शाळा सुटली ती पण परीक्षेच्या भीतीनंच. अशा बाईला देवानं बंदुकीच्या घरात दिलं. लग्न होऊन आले त्याच थंडीत पहिला बार ऐकला आणि डोक्यावरचा हंडा अंगणात पडला, सासूबाईंनी हंड्याचा पोचा बघितला आणि आत गेल्या. आबा मात्र आले, हंडा उचलला, आणि विचारलं, "लिहायला येतं का गो तुला?" मला वाटलं माफी लिहून घेणार. तसं नव्हतं. आबांचं अक्षर असं होतं की कचेरीतली माणसं कागद उलटा धरायची. मी दोन ओळी लिहून दाखवल्या. आबा खूश. तिथनं पुढं त्यांचे सगळे अर्ज मी लिहायला लागले, विहिरीचे, वाटेचे, दिव्याच्या खांबाचे, ते सांगणार, मी चुलीपुढं बसून लिहिणार, एका हातानं भाकरी फिरवत. अर्जाच्या वरच्या कोपऱ्याला पीठ लागलं तर म्हणायचे, "राहू दे, कचेरीला कळू दे घरात धान्य हाय."

मग चिऊ झाली. पेणला, माहेरी. तिला घेऊन सासरी आले, पावसाळा गेला, वाल पेरले, आणि वालाला शेंग धरली तेव्हा चिऊ दहा महिन्यांची होती. मी तिला अंगणात बाजल्यावर बसवून केस पुसत होते आणि आबांनी मागं बार टाकला. चिऊनं रडायला तोंड उघडलं आणि आवाजच येईना. श्वास आतला बाहेर येईना, ओठ निळे, मग काळे, मान टाकली तिनं. मी ओरडले ते गावच्या वेशीपर्यंत ऐकू गेलं म्हणतात. सासूबाईंनी तिच्या तोंडावर पाणी मारलं, पाठ चोळली, आणि मग कुठं ती रडली. रोह्याला डॉक्टरकडं नेलं, डॉक्टर म्हणाले, भिऊ नका, काही पोरं दचकली की श्वास धरतात, मोठी झाली की जातं, तोवर दचकवू नका. दचकवू नका! आणि घरात बंदूक.

वांदरं काय डॉक्टरला विचारून येत नाय. आठवड्यात आणखी दोनदा तसंच झालं. तिसऱ्या वेळी हे कंपनीतनं शिफ्ट संपवून आले होते, घरीच होते, त्यांनी डोळ्यांनी बघितलं पोरीला काळी पडताना. जेवायला बसले आणि ताटाकडं बघतच म्हणाले, "आबा, हा आवाज बंद नाय झाला तर मी रोह्याजवळ वरशाला खोली घेणार. पोरीला आणि हिला घेऊन जाणार. वाल तुम्ही राखा."

आबांचा घास हातात राहिला. रागानं बोलले असते तर बरं होतं. ते म्हणाले, "किती दिवसात?"

"शिमग्यापर्यंत."

"लेखी दे," आबा म्हणाले, पण आवाजात जीव नव्हता. हे उठून हात धुवायला गेले.

तुम्ही म्हणाल, बार टाकायचाच नाय, काय एवढं. मी पण म्हटलं. तर आबा म्हणाले, "परवाना शेती राखायला दिलाय सरकारनं. राखली नाय तर मी खोटं बोलून बंदूक ठेवली असं होतं." माणूस असा. नातीची आठवण आली की बांधावरनं धावत यायचे, तिला मांडीवर घेऊन परवाना वाचून दाखवायचे, ती ऐकत झोपायची पण. ती वरशाला गेली असती तर आबांनी कुणाला वाचून दाखवलं असतं? पण म्हणून सरकारशी खोटं बोलणार नाय.

मग बंदुकीच्या तोंडाला काय लावता येईल याचा शोध सुरू झाला. गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. सासूबाई म्हणाल्या गोधडी गुंडाळा. कोणी म्हणालं नारळाचं सोडण, वरची काथ्याची साल, ती बसवा, कोणी म्हणालं मडकं. हमरस्त्यावरचा एक गॅरेजवाला तर घरी आला, नळीला बोट लावून म्हणाला, "आबा, मोटारसायकलचा जुना सायलेन्सर पडलाय माझ्याकडं. वेल्डिंग मारून देतो, फुस्स पण आवाज येणार नाय."

आबा उभेच राहिले. "सायलेन्सर? बंदुकीला? अरे, चोरांचं काम ते. पाऊल मागं घे आधी. माझ्या पडवीत असा शब्द काढायचा नाय." गॅरेजवाला गेल्यावर आबांनी तो जिथं उभा होता तिथं पाणी शिंपडलं. मग मला म्हणाले, "सूनबाय, कागद घे."

तो अर्ज मला पाठ हाय. 'विषय : बंदुकीच्या तोंडास लावावयाच्या वस्तूबाबत. महोदय, आमचे घरी दहा महिन्यांची मुलगी असून ती बंदुकीच्या आवाजाने काळी पडते. तरी बंदुकीच्या तोंडास कायद्याने कोणती वस्तू लावता येते, ते लेखी कळवावे. बेकायदेशीर वस्तू आम्हास नको.' आबा स्वतः कचेरीत जाऊन देऊन आले, पोच घेऊन आले. मग रोज जाऊन विचारायचे, उत्तर आलं का. मला वाटतं तिथल्या माणसांनी आबांना चुकवायला म्हणून उत्तर दिलं असंल, पण दिलं. शिक्का मारलेलं. 'परवान्यातील शस्त्रात कोणताही फेरफार करता येणार नाही. आवाज कमी करणारी वस्तू लावणे बेकायदेशीर आहे. तथापि, धूळ, पाणी अथवा किडा नळीत जाऊ नये याकरिता तोंडास हाताने निघणारे साधे झाकण लावण्यास हरकत नाही. गोळी झाडण्यापूर्वी ते काढावे.'

आबांनी तीनदा वाचायला लावलं. "तथापि आला!" म्हणाले. "तथापि आला की समजायचं काम झालं. झाकण लावायचं."

मी घाबरत घाबरत म्हटलं, "पण आबा, झाकण काढूनच बार टाकायचा तर आवाज तेवढाच येणार ना?"

आबांनी डोकं खाजवलं. बाहेर बघितलं. मग म्हणाले, "व्हय. पण कायदेशीर येणार."

झाकण कोण करणार? माझा दादा पेणला गणपतीच्या कारखान्यात. आबा म्हणाले, तोंडाचं काम करणारी माणसं तीच. माप काय न्यायचं, बंदूक तर एष्टीत नेता येत नाय, लोक घाबरतात, तर आबांनी माझ्या भाकरीच्या पिठाचा गोळा घेतला, नळीचं तोंड त्याच्यात दाबलं, गोल ठसा उठला, तो केळीच्या पानात बांधला आणि आम्ही निघालो, आबा, मी, चिऊ आणि तो गोळा. पेणपर्यंत गोळा वाळला आणि आक्रसला. मला दिसत होतं, पण आबा तो दोन हातात धरून देवाच्या प्रसादासारखा बसले होते, मी कशाला बोलू.

कारखान्यात सगळीकडं पांढरे गणपती, रंग न दिलेले, फळ्यांवर ओळीनं. दादा म्हणाला, "आबा, लाकडी बूच तासतो, वर कागदाच्या लगद्याचं काहीतरी बसवतो, धरायला बरं. पण साचे सगळे अडकलेत. मोकळे तीनच. परशू, मोदक आणि उंदीर."

आबा पाट मागवून बसले. एवढा वेळ माझं लग्न ठरवायला पण लागला नव्हता.

"परशू नको," आबा म्हणाले. "शस्त्राला शस्त्र जोडलं म्हणतील. दोन परवाने लागतील."

"मग मोदक?"

"मोदक लांबनं बघणाऱ्याला तोफेचा गोळा वाटंल. अर्धा बाहेर आलेला." आबांनी उंदीर उचलला, पोटाखालनं बघितला, शेपटी बघितली. "उंदराच्या विरोधात कायद्यात काय नाय."

दादा हसला नाय, कारण मी त्याला खूण केली. रंग कुठला, तर पीतांबराचा पिवळा उरला होता, तो. डोळे काढायला एक म्हातारे कारागीर होते, ते फक्त डोळेच काढायचे. त्यांनी विचारलं, "उंदीर बघतोय कुठं, पुढं का मागं?"

आबा म्हणाले, "माझ्याकडं. मी झाकण काढायचा विसरलो तर त्यानं माझ्याकडं बघायला पायजे."

तेवढ्यात दादा बोलून गेला, "हा आबा, ते विसरू नका बरं. झाकण ठेवून बार टाकलात तर नळी फुटंल, तोंडावर येईल." झालं. मला चिऊची एक काळजी होती, आता आबांची दुसरी. एष्टीत मी रडायलाच लागले. आबांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं, तुम्ही विसराल. आबांनी खिशातनं तिकीट काढलं आणि म्हणाले, "असं करू. उंदीर काढला की तुझ्या हातात देणार. तुझ्या हातात नाय तोवर घोड्याला बोट नाय. लेखी देऊ?"

मी म्हटलं द्या. पहिल्यांदा मी आबांकडनं लेखी घेतलं. तिकिटाच्या मागं लिहिलं त्यांनी, गाडीच्या हिसक्यांनी आणखीच वाचता येत नाय, पण मला माहीत हाय काय लिहिलंय.

उंदीर नळीत सैल बसला, गोळा आक्रसलेला ना. सासूबाईंनी बुचाला लाल चिंधी गुंडाळली, मग घट्ट बसला, आणि मग त्यांनी त्याला हळदकुंकू पण लावलं. खुंटीवर बंदूक आणि बंदुकीच्या तोंडातनं पिवळा उंदीर आमच्याकडं बघतोय. शेजारणी बघायला यायच्या, चिऊसाठी काहीतरी घेऊन यायच्या आणि उंदराला नमस्कार करून जायच्या.

आणि मग रोज सकाळी दहाच्या सुमाराला वांदरं आली की आबा बांधावरनं दोन बोटांनी उंदीर ओढून काढायचे, वर धरायचे, आणि वर धरूनच दारापर्यंत चालत यायचे. "सूनबाय, उंदीर घे गो." मी घ्यायचे, चिऊला कडेवर घेऊन आतल्या खोलीत जायचे, तिचे कान हातानं झाकायचे. मग आबा परत बांधावर जाऊन बार टाकायचे. चिऊ रडायची, पण काळी पडायची नाय. दचकणंच नव्हतं ना, तिला माहीत असायचं, उंदीर आला म्हणजे आवाज येणार. कधी ती झोपलेली असली की मी दारातनंच म्हणायचे, "आबा, आत्ता नको." आबा "बरं" म्हणायचे. उंदीर परत नळीत. मग बांधावर बसून वांदरांना म्हणायचे, "खावा. आज परवानगी नाय मिळाली."

मी एवढी घाबरट बाई, माझ्या 'नको'वर बंदूक गप्प बसायची. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं.

पंधरा दिवस झाले असतील. एक दिवस आबांनी उंदीर काढून वर धरला आणि टोळीतला मोठा हुप्प्या खाकरला, आणि शेंगा टाकून सगळी टोळी पळाली. आबा दारापर्यंत पोचलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी पण तेच. वांदरांना कळलं होतं! पिवळा उंदीर निघाला की थोड्या वेळानं ठो होतो, तर ठो व्हायची वाट कशाला बघा. त्यानंतर बार टाकायची वेळच आली नाय. नुसता उंदीर काढायचा, वर धरायचा, परत बसवायचा. वाल राहिला, चिऊ राहिली, सगळं गप्प. ह्यांनी वरशाची खोली बघून ठेवली होती, ती नको म्हणून सांगून आले. त्या दिवशी आबा दोन भाकऱ्या जास्त जेवले.

आणि मग आबांना वाटलं, सरकारचे आभार मानले पायजेत. "त्यांनी तथापि लिहिला म्हणून झालं हे," म्हणाले. "सूनबाय, कागद घे."

मी लिहिलं. मला काय चुकलं वाटलं नाय, मला फक्त 'समाधानकारक' लिहायची भीती होती. 'महोदय, आपण कळविल्याप्रमाणे बंदुकीच्या तोंडास वस्तू बसविली असून आवाज पूर्णपणे बंद झाला आहे. घरातील लहान मुलीस आता काहीही ऐकू येत नाही. परिसरातील वानरेही समाधानकारकरीत्या नाहीशी झाली आहेत. आपला आभारी.'

चौथ्या दिवशी दुपारी जीप आली.

एक हवालदार आणि एक शिपाई. हवालदारांच्या हातात तो कागद, वरच्या कोपऱ्याला पीठ लागलेला. मी दारामागनं बघितला आणि ओळखला. अक्षर माझं! माझ्या डोळ्यापुढं बेडी आली, चिऊला पाजणार कोण हे आलं, मी आत जाऊन पिशवीत तिची दोन झबली भरली, का भरली मला माहीत नाय, तुरुंगात झबली देतात का घरची न्यायची हे पण माहीत नाय.

बाहेर हवालदार विचारत होते, "हे पत्र कुणाचं?"

"मजकूर माझा," आबा म्हणाले. "अक्षर सुनेचं. अक्षराला शिक्षा असंल तर कलम दाखवा."

"किती वानरं मारली?"

"एक पण नाय."

"नाहीशी झाली लिहिलंय तुम्ही."

"वालातनं नाहीशी झाली. ती काय, झाडावर बसलीत. मोजून घ्या, सव्वीस हायत."

शिपाई खरंच मोजायला लागला. हवालदारांनी कागदावर बोट ठेवलं. "आणि मुलीला ऐकू येत नाही?"

आबांनी हाक मारली, "चिऊ!" चिऊ रांगत उंबऱ्यावर आली आणि हवालदारांच्या टोपीकडं बघून हसली. हवालदारांचा चेहरा थोडा सैल झाला, पण थोडाच. म्हणाले, "बाबा, सायलेन्सर काढा बाहेर. गुपचूप दिलात तर बरं."

आबांनी खुंटीवरनं बंदूक काढली, उंदीर ओढला, आणि हवालदारांच्या हातावर ठेवला. हवालदार उंदराकडं बघतायत, उंदीर हवालदारांकडं.

"हा?"

"हा."

"याच्यानं आवाज बंद होतो?"

"पूर्ण. चला, दाखवतो." आबा त्यांना बांधावर घेऊन गेले. उंदीर परत बसवला, वांदरं वालात उतरेपर्यंत सगळ्यांना गप्प उभं केलं, मग उंदीर काढून वर धरला. हुप्प्या खाकरला. टोळी पळाली. आबा म्हणाले, "बघा."

"काय बघू?"

"आवाज आला का?"

"अहो, तुम्ही बंदूक उडवलीच नाय!"

"मग आवाज कसा येणार?"

शिपायानं तोंड फिरवलं, त्याची पाठ हलत होती. हवालदारांनी टोपी काढून घाम पुसला. मग एकदम कडक झाले. "हे बघा बाबा, मला वर उत्तर द्यायचंय. माझ्यासमोर एक बार टाका. आवाज आला तर ठीक. नाय आला तर बंदूक जमा, परवाना जमा, आणि तुम्ही जीपमध्ये."

आबा माझ्याकडं बघायला लागले. मी चिऊला कडेवर घेऊन परसाच्या दारात होते. महिनाभर बार ऐकला नव्हता पोरीनं. परत सवय मोडली असंल तर? परत ओठ काळे पडले तर?

"सूनबायनं उंदीर घेतला तर टाकतो," आबा म्हणाले.

"आणि नाय घेतला तर?"

"तर चला, बसतो जीपमध्ये." आणि त्यांनी खिशातली डबी चाचपली, निघायच्या आधी चाचपायचे तशी. "मी लिहून दिलंय तिला."

हवालदारांना काय कळलं नाय. मला कळलं. म्हातारा माणूस तिकिटाच्या मागं लिहिलेल्या दोन ओळींसाठी जीपमध्ये बसायला निघाला होता. मी बांधापर्यंत चालत गेले आणि हात पुढं केला.

आबांनी उंदीर माझ्या हातात ठेवला. आता एका हातात उंदीर, दुसऱ्या हातानं चिऊला धरलेलं, तिचे कान झाकायला हातच नाय! मी आबांना थांबा म्हणणार, तेवढ्यात चिऊनं उंदीर बघितला, आणि आपले दोन्ही हात वर केले, आणि माझ्या कानांवर ठेवले. माझ्या. तिला वाटत असणार, उंदीर आला की समोरच्याचे कान झाकायचे असतात.

ठो झाला. वांदरं पार ओढ्यापलीकडं गेली, हवालदारांची टोपी वालात पडली. मी चिऊच्या ओठांकडं बघत होते. लाल होते. ती उंदराकडं बघून म्हणाली, "थो."

मी रडले. आबा बंदूक मोकळी करून खाली ठेवून तिथंच बांधावर बसले, आणि हवालदार टोपी झटकत म्हणाले, "आला. आला बरं का आवाज."

आबांनी बसल्या बसल्या हात पुढं केला. "लेखी द्या."

त्यांनी दिलं! पडवीत बसून, चहा पिऊन, ओंजळभर शेंगा पिशवीत घेऊन दिलं. 'प्रत्यक्ष पाहणी केली. बंदुकीस आवाज आहे. सदर उंदीर कायदेशीर आहे.' तो कागद दादाच्या होकाराशेजारी पेटीत हाय.

पुढं दोन थंड्या तशाच गेल्या, उंदीर वर, वांदरं पळाली, उंदीर खाली. मग निवडणूक आली आणि परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करायचा कागद आला. आबा पहिल्या दिवशी पहिले. पावतीवर एक बंदूक लिहिली, आबा म्हणाले, उंदीर पण लिहा. हवालदार तेच होते. म्हणाले, "आबा, उंदीर घरी न्या. त्याला आचारसंहिता नाय." आबांनी तो घरी आणून देवाच्या कोनाड्यात ठेवला, चिऊचा हात पोचेल इतका खाली.

बंदूक परत आणायच्या आधीच आबा गेले. आजारी नाय, काय नाय, दुपारी चहा सांगितला, मी घेऊन गेले तर भिंतीला टेकून बसलेले, डबीवर हात. माणसं जमली, कोणी म्हणालं गेले, आणि मला आत कुठंतरी वाटलं, आता हात पुढं करणार, म्हणणार लेखी दे.

बंदूक परत घ्यायची नाय असं ठरलं, परवाना आबांच्या नावचा, नव्या परवान्याच्या मागं कोण लागतंय. तो अर्ज मी लिहिला. सांगायला कोणी नव्हतं. चुलीपुढं बसूनच लिहिला, पीठ लागलं, राहू दिलं. ठाण्यात मी एकटी गेले, चिऊला घेऊन, कागद दिला, आणि हवालदार म्हणाले ठीक हाय, या तुम्ही, तर मी उठलेच नाय. हात पुढं केला. हवालदारांनी माझ्याकडं बघितलं, मग पोच लिहायला घेतली.

ह्यांनी परत वरशाचं काढलं, आता इथं काय ठेवलंय म्हणाले. मी म्हटलं, वाल. मला पण नवल वाटलं मी बोलले त्याचं.

वांदरांना कुणी सांगितलेलं नाय की बंदूक गेली. दहाच्या सुमाराला टोळी उतरली की चिऊ कोनाड्यातनं उंदीर घेते, बांधावर पळते, वर धरते. हुप्प्या म्हातारा झालाय, पण खाकरतो. सगळी पळतात. मग चिऊ उंदीर आणून माझ्या हातात देते, मी खाली बसते, आणि ती आपल्या दोन्ही हातांनी माझे कान झाकते. मी डोळे मिटून घेते. बराच वेळ आम्ही दोघी तशाच थांबतो.